हरेलीच्या दिवशीचं मोजमाप

समता कॉलोनीतल्या आमच्या दवाखान्यात शंभरेक कॉम्प्युटर, पण बाहेरच्या जगासाठी सगळ्यांचा पत्ता एकच. कोणतं उत्तर आत कोणाला द्यायचं, हे दारावरचा राउटर लक्षात ठेवायचा. कधी विसरायचा, आणि खेड्यातल्या पेशंटशी चाललेला डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल मध्येच तुटायचा. आमची नेटवर्क इंजिनियर, तात्यापारा वस्तीतल्या मराठी घरातली, म्हणाली, प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा पत्ता देऊन टाकू; मध्ये कोणी अदलाबदल करायलाच नको.

संचालकांनी तिला आधी सिद्ध करायला सांगितलं. ती दोन्ही पद्धतींतली माहितीची ये-जा नोंदवून घ्यायची आणि नर्सनं तापाचा तक्ता वाचावा तशी ओळ न् ओळ वाचायची. नवी पद्धत दुप्पट वेगवान निघाली. वेग हा शब्द संचालकांना फारच आवडला. फलक ठरला, फीत ठरली, आणि पत्रक लिहायला कार्यालयातून मला धरलं. विशेषणं मी नेहमीच्या साठ्यातून काढली.

उद्घाटनाला दोन दिवस असताना ती माझ्या टेबलाशी आली.

"काका, पत्रक थांबवा. मी चुकली."

नवी पद्धत तिनं मोजली तो दिवस हरेलीचा, इथल्या शेतकऱ्यांच्या सणाचा होता. अर्धा स्टाफ गावी नांगर पुजायला गेलेला. आमच्या मराठी घरांत ती दिव्यांची अवस. दिवे घासून माणूस कामावर हजर. त्यामुळे सुट्टी तिच्या ध्यानातच आली नाही. रिकाम्या रस्त्यावर कोणतीही गाडी पळते.

"कोणाले समजलं असतं?" मी विचारलं.

"मले समजलं ना."

सगळी योजनाच बारगळेल, हे तिला माहीत होतं. तरी ती संचालकांकडे गेली. मी पत्रक घेऊन मागे. सोमवारच्या भर गर्दीत तिनं पुन्हा मोजलं होतं. वेग दोन्हीकडे सारखाच. पण जुन्या पद्धतीत प्रत्येक कॉल नेमका कुठे तुटला, ते तिनं दाखवलं. नव्या पद्धतीत एकही तुटला नव्हता.

संचालकांनी कागद उलटून पाहिले. मग म्हणाले, वेग नाही तर फलकावर लिहायचं काय?

"कुछ मत लिखिए, सर. बस कॉल चलने दीजिए," ती म्हणाली.

फीत रद्द झाली. मंजुरी मिळाली ती कॉलच्या तीन खोल्यांपुरती. बाकी इमारतीचं नंतर पाहू, असं तिला सांगण्यात आलं. ती मान डोलावून "हव" म्हणाली आणि पहिल्या खोलीचे पत्ते बदलायला गेली.