परशुरामबुवांची पहिली कॅसेट

मालवणच्या बाजारात तय्यबचं कॅसेटचं दुकान होतं, पण तय्यब दुकानात कमी आणि दुकानाच्या पायरीवर जास्त असायचा. पायाला भिंगरी. खुर्चीत बसला तरी गुडघा हलत राही. एका जागी तो बसे ते फक्त डबलबारीला. दोन भजनीबुवा समोरासमोर, दोघांचे पखवाज, आणि सूर्य उगवेपर्यंत एकमेकांवर कुरघोडी. त्यात तय्यब मधोमध मांडी घालून, रेकॉर्डरवर हात ठेवून बसलेला. अशा बाऱ्या त्याने वीस वर्षं टिपल्या होत्या. नऊ पेट्या भरल्या, एकेका पेटीत चाळीस कॅसेट.

खाऱ्या हवेने कॅसेटींना बुरशी धरली तेव्हा त्याने संगणक घेतला. साल २००७. पावसाळाभर एकेक कॅसेट वाजवून आत उतरवली. त्याची बायको वजीरा दहावी झालेली. ती टायपिंगच्या क्लासला जाऊन आली आणि त्याच्या जुन्या वहीतली यादी तिने टाइप केली : बुवा, गाव, वर्ष. मग एक प्रोग्राम आणला. त्याला एकेका पेटीची यादी दिली की तो वरून खाली प्रत्येक फाइलला नाव देणार, आणि वाजवताना पडद्यावर दिसतात ती बुवा-गाव-वर्षही आत लिहिणार. तय्यबने बटण दाबलं. चहा गार व्हायच्या आत तीनशे साठ फाइलींचं बारसं झालं. एवढं सोपं काम नीट झालं असेल का, ही शंका माणसाला यायला हवी. तय्यबला आली नाही. बुरशीच्या कॅसेटी त्याने आचऱ्याच्या शेतकऱ्यांना देऊन टाकल्या. भाताच्या लोंब्या भरू लागल्या की तिथे फितीच्या दोऱ्या ताणतात. त्या वाऱ्यावर फडफडतात आणि पाखरं उडतात.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आचऱ्याहून पद्मावती एसटीने आली. परशुरामबुवांची बायको. बुवा जाऊन वर्ष होत आलं होतं. गुरुवारी वर्षसराद होतं, आणि त्या दिवशी घरात बुवांचा आवाज लागावा म्हणून तिने तय्यबकडून सीडी नेली होती. ती सीडी तिने काउंटरवर ठेवली.

"तय्यबा, ह्यो आवाज कोणाचो?"

"बुवांचो, वयनी. वर लिवलेला आसा."

"लिवलेला माका वाचूक येना नाय. पण घोवाचो आवाज कळता. ह्यो वेंगुर्ल्याचो दाजी. जन्मभर ह्यांच्या समोर डबलबारीक बसलो, आता सरादाच्या दिवशी पण तोच गावतलो?"

तय्यबने सीडी लावली. दाजीबुवाच. पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत परशुरामबुवा, आचरा. त्याचं धाबं दणाणलं. बुवांची बाकी सगळी गाणी कुठे ना कुठे मिळतील, पण त्यांचा तरणा आवाज त्या एकाच कॅसेटमध्ये होता. आणि ती कॅसेट आता कुणाच्या तरी शेतात फडफडत होती.

"गुरुवारच्या आत बुवांचो आवाज हाडून देतंय," तो म्हणाला. पद्मावतीने मान हलवली आणि परतीची एसटी धरली.

तय्यबने आधी संगणकाला शिव्या घातल्या, मग प्रोग्रामला, मग कुडाळहून तो आणून देणाऱ्याला. तेवढ्याने भागेना, तेव्हा तो वजीरावर घसरला. "एक ओळ वरखाली टायप केलंस, नि माझी वीस वर्सां पाण्यात!" वजीराने वही आणली, पडद्यावर यादी उघडली आणि ओळीमागून ओळ बोटाने दाखवली. एकही चूक नव्हती. तिचे डोळे भरले होते. ते बघून तर तय्यबला आणखीच राग आला, कारण आता रागवायला कुणी उरलं नव्हतं.

बुवांची कॅसेट सहाव्या पेटीतली, म्हणून बुधवारी सकाळी तो त्या पेटीच्या फाइली एकेक वाजवायला बसला. बसला म्हणजे काय, दर दोन फाइलींना उठून पायरीवर जाऊन आला. पहिल्या नावाखाली दुसऱ्या कॅसेटचा आवाज. दुसऱ्याखाली तिसऱ्याचा. प्रत्येक जण एक घर पुढे सरकलेला. पाचवी पेटी, चौथी पेटी, सगळीकडे तेच रडगाणं. मग परशुरामबुवा तर सहाव्या पेटीत पहिलेच, ते सरकून गेले कुठे? पाचव्या पेटीच्या शेवटाला बघावं म्हणून त्याने एकोणचाळिसावी लावली आणि त्याच्याच आवाजात "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू आलं.

प्रत्येक पेटीतली चाळिसावी कॅसेट अशीच असायची, माइक तपासायची. कचरा. नावं देऊन झाल्यावर 'चाचणी' नावाच्या नऊच्या नऊ फाइली त्याने स्वतः उडवल्या होत्या. चाचणी जर इथे शिल्लक आहे, तर त्याने उडवलं ते काय?

"एक पण पेटी पुरी नाय," तो पुटपुटला आणि पडद्यावर बोट ठेवून मोजू लागला, "बरकत, दोन, तीन..."

आणि बोट परत पहिल्या ओळीवर आणलं.

त्याचा बाप भाताचा व्यापारी. माप घालताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, बरकत म्हणायचं, मग दोन, तीन. हिंदू व्यापारी लाभ म्हणतात. तय्यब कॅसेटीही तशाच मोजायचा. संगणकात उतरवतानाही प्रत्येक पेटीतल्या पहिल्या फाइलीवर त्याने आकडा न घालता बरकत लिहिलं होतं. पुढे दोन, तीन, चाळीसपर्यंत. आणि पहिली कॅसेट म्हणजे कुठलीही नव्हे हं! पेटीतली सगळ्यांत लाडकी बारी तो पहिली ठेवायचा.

"वजीरा," त्याने हाक मारली. आवाज पार उतरला होता. "प्रोग्राम आकड्यांका आधी घेता काय अक्षरांका?"

"आकड्यांका," दारातून ती म्हणाली. "अक्षरां मागसून."

म्हणजे बरकत रांगेत सगळ्यांत शेवटी गेली. तिच्या जागी दोन नंबर, आणि शेवटचं नाव, चाचणी, बरकतीच्या माथी. आणि चाचणी म्हणून आपण आपल्याच हाताने नऊ लाडक्या बाऱ्या उडवल्या. तय्यब खुर्चीतच बसून राहिला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याचा गुडघा हलत नव्हता.

"संगणकातलो कचऱ्याचो डबो मी तुका रिकामो करूक सांगितलंय," तो म्हणाला. "केलंस मां?"

कालचा राग अजून वजीराच्या तोंडावर होता. या बाईने लोणच्याची फुटकी बरणी कधी टाकली नव्हती, दोरीचा तुकडा टाकला नव्हता, आणि त्यावरून तय्यबने तिला पंधरा वर्षं चिडवलं होतं.

"नाय केलंय," ती म्हणाली. "न ऐकता कसा टाकूचा?"

नऊही फाइली डब्यात होत्या.

गुरुवारी दोघं मोटरसायकलने आचऱ्याला निघाली. नवी सीडी वजीराने पदराखाली धरली होती. वाटेत शेतांवर फितीच्या दोऱ्या उन्हात चमकत होत्या. तय्यबने गाडी हळू केली. "माजा चुकला," तो म्हणाला. "पुढे बघा," ती म्हणाली. पण खांद्यावरचा तिचा हात तिने तिथेच ठेवला.

पद्मावतीच्या पडवीत भजनी मंडळी जमली होती. तय्यबने सीडी लावली. आधी खरखर, मग कुणाचं तरी खोकणं, आणि मग परशुरामबुवांचा, पण गाण्यातला नव्हे, साधा बोलतानाचा आवाज : "तय्यबा, मशीन चालू केलंस मां? नायतर माझो घसो फुकट जायत."

पुढे गजर सुरू झाला. मंडळी डोलायला लागली. पद्मावतीने हात वर केला.

"थांब. गाणा नको. ता बोलणा परत लाव."

त्याने मागे घेऊन लावलं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा बुवांनी विचारलं, तय्यबा, मशीन चालू केलंस मां, तेव्हा तय्यब सीडी प्लेअरशेजारी मांडी घालून बसला होता, बारीला बसायचा तसा.

"केलंय, बुवा," तो म्हणाला. "चालू आसा."