फक्त हात दिसणाऱ्या बाईचं भाषण

चार वर्षं झाली, माझं तोंड कुणी बघितलेलं नाही. म्हणजे गावात बघतात, रोज बघतात, त्याला इलाज नाही. मी म्हणतेय ते फोनमधलं. युसूफ वडगावला आमच्या घरी चुलीपुढं बसून मी भाकरी, येसराची आमटी, धपाटे करते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. त्यात माझे हात दिसतात आणि आवाज येतो, बस्स. ही अट सासूबाईंची. त्यांना मी आत्या म्हणते. चॅनल काढायचं म्हटलं तेव्हा त्या मिश्री लावत होत्या. बोट तसंच दातावर ठेवून म्हणाल्या, "हात दाव. तोंड दावायचं न्हाई. भावकी काय म्हणंल?"

मी मनातल्या मनात त्यांचा लई उद्धार केला आणि हात दाखवायला लागले.

चॅनल चाललं. पण चाललं म्हणून गप्प बसेन तर ती मी कसली? घरी कुणीही आलं, की चहाचा कप हातात देता देता माझं सुरू व्हायचं, "आमच्या आत्यांनी अडवलं हो, न्हाईतर मी आज कुठल्या कुठं असते." कुठं असते ते मलाही माहीत नव्हतं. पण ऐकणाऱ्या बाया हळहळायच्या आणि मला बरं वाटायचं.

मग एक दिवस निरोप आला. बीडला डिजिटल माध्यमांची परिषद आहे, खेड्यातून व्हिडिओ करणाऱ्यांनी स्टेजवर पाच मिनिटं बोलायचं, आणि कार्यक्रम फोनवर थेट दिसणार. मी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाले. आत्यांना सांगायला मात्र दोन दिवस लागले. म्हटलं, "आत्या, तिथं तोंड घेऊनच जावं लागंल."

त्यांनी आधी जेवण संपवलं. ताट सरकवून म्हणाल्या, "जा. पर मी बी येणार."

झालं! चार वर्षांनी माझं तोंड जगाला दिसणार होतं, आणि ते दिसल्यावर काय काय होईल याचं सगळं चित्र माझ्याकडं तयार होतं. केजला जाऊन फेशियल केलं. आता अक्कल बघा माझी. ज्या हातांच्या जिवावर हे सगळं नाव, त्यांना साधं व्हॅसलीन नाही, आणि तोंडाला फेशियल. भाषणही पाठ केलं. व्हिडिओत मी 'लई' आणि 'हाय' म्हणते, पण बीडच्या स्टेजवर तसं कसं बोलायचं? म्हणून 'सर्वप्रथम' आणि 'या ठिकाणी' असं सगळं घातलं. आमचे हे जळालेल्या मोटारी भरून द्यायचं, रिवायंडिंगचं दुकान चालवतात. दुकानातून घरी आले, दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "आगं, तहसीलदार आलाय का काय घरात?"

चुलत दिरांच्या जीपमधून आम्ही तिघं निघालो. मांजरसुंब्याला थांबलो. आत्यांनी आणि ह्यांनी गरम भजी खाल्ली. मी लिपस्टिक जाईल म्हणून जीपमध्ये तोंड मिटून बसले. जीव नुसता भज्यांवर होता.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. दारात गळ्यात अडकवायची कार्डं वाटत होते. चॅनल काढलं तेव्हा माझ्या नावाचा फोन नव्हता, म्हणून सगळं ह्यांच्या नावावर आणि ह्यांच्या नंबरवर. कार्डही त्याच नावाचं निघालं. माझ्या कार्डावर नुसतं 'सोबत' असं छापलेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोबत? माझ्या सोबत कोण आलंय ते आधी विचारा की! पण फेशियल केलेल्या तोंडानं भांडू नये म्हणून गप्प बसले.

आत पुण्याहून आलेला एक तरुण पडद्यावर रेघा दाखवत सांगत होता, की पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरून ठेवला पाहिजे. आत्या माझ्या कानाशी आल्या, "मंग? चौथ्याला सोडून द्यायचा व्हय?" मला हसू फुटलं, ते खोकल्यात मिसळलं. त्याचं एवढंच भाषण झालं आणि सत्कार सुरू झाले. आपल्याकडं सत्कार सुरू झाले की परिषद असो का पतसंस्थेची सभा, सगळं एकच.

तेवढ्यात सूत्रसंचालक ओरडला, "चुलीवरची भाकरी ज्यांनी जगभर नेली, असे आपले बंधू..." आणि ह्यांचं नाव घेतलं. हे जागचे हलले नाहीत, तर शेजारच्या दोघांनी ढकलतच वर नेलं. "आवो, मी नव्हं..." एवढंच ते म्हणू शकले. कारण तोवर डोक्याला फेट्याचा पहिला वेढा बसला होता, आणि आपल्याकडं फेटा सुरू झाला की शेमला सुटेपर्यंत माणसानं हलायचं नसतं. मी खाली बसून बघत होते. एकेका वेढ्यागणिक माझी चार वर्षं ह्यांच्या डोक्यावर गुंडाळली जात होती. राग आला आणि रडूही आलं.

शेवटी माईक हातात आला तेव्हा हे म्हणाले, "मी मोटारी भरतो. मला भाकर वाटीएवढी बी येत न्हाई. ते हात आमच्या मंडळीचे हायेत. ती बगा, तिथं बसलीय."

सगळं कार्यालय मागं वळलं. आत्यांनी मला कोपरानं ढोसलं. मी वर गेले. फेटे संपले होते, मला नारळ मिळाला. समोर माणसंच माणसं, प्रत्येकाचा फोन वर धरलेला. 'सर्वप्रथम' कुठं पळालं कुणास ठाऊक. मग मी नेहमीसारखीच सुरू झाले, "हां, तर बगा..." आणि पीठ उकळत्या पाण्यात कसं मळायचं, कडा चिरू नयेत म्हणून तळवा कसा फिरवायचा, ते नारळ टेबलावर ठेवून हातांनी दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर एका बाईनं माझे हात हातात घेतले आणि हातांचाच फोटो काढला. मी नुसती तरंगत होते.

परतताना ह्यांनी फोनवर तो कार्यक्रम लावून आत्यांच्या हातात दिला. आत्यांनी माझं भाषण एकदा बघितलं. परत लावायला सांगितलं. मी वाट बघत होते, आता काहीतरी चांगलं बोलतील.

"ह्यात तुजं तोंड कुठंय?" त्या म्हणाल्या.

मी फोन घेतला. माझा भांग दिसत होता, पदर दिसत होता, हात दिसत होते. पाच मिनिटं मी माझ्या हातांकडं बघूनच बोलले होते. मान एकदाही वर नाही.

"कॅमेरेवाल्याला अक्कल न्हाई..." मी सुरू केलं.

"त्यो समोरच हुता," आत्या म्हणाल्या. "तूच वर बगितलं न्हाईस."

ज्या अटीच्या नावानं चार वर्षं बोटं मोडली, ती मोडायला मिळाली आणि मला मान उचलता आली नाही. लई लाज वाटली. आत्यांवर रागवायची सोयसुद्धा राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं बसले, परातीत पीठ घेतलं आणि फोन स्टँडला लावला. आत्या आल्या. त्यांनी फोन स्टँडवरून काढला आणि दोन्ही हातांत धरून माझ्या तोंडासमोर आणला.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "भावकीचं मी बगते."

मी वर बघितलं. फोनच्या मागं आत्यांचा एकच डोळा दिसत होता, दुसरा मिटलेला.

"आत्या, राहू द्या," मी म्हटलं, "भाकर करपंल."

तवा अजून चुलीवर ठेवलाच नव्हता.