कोर्टाने सोडलं, हळदीकुंकवाने नाही

इंदिरा नगरच्या आपल्या मराठी ग्रुपमध्ये मुद्दाम लिहितेय. आज दुपारी हळदीकुंकवाला आलेल्यांनी तर वाचाच.

हळदीकुंकू ज्यांच्या घरी होतं, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुमनताईंना बोलावणं नव्हतं. मी यजमानीणबाईंना कारण विचारलं. "अगं, त्यांचा मुलगा नाही का, चेन ओढणारा. टीव्हीवर दाखवला होता ना."

मी म्हटलं, पोलिसांनी भलत्यालाच धरलं होतं, कोर्टाने त्याला निर्दोष सोडलंय.

"कोर्ट का क्या है यार," त्यांची सून म्हणाली. "चॅनेलवाले ऐसे ही थोड़े दिखाएँगे." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात त्याच चॅनेलचा कॅमेरा आला. त्यांना लखनौमधली मराठी संक्रांत दाखवायची होती. सगळ्यांनी पदर सारखे केले. यजमानीणबाई गोड हसून म्हणाल्या, "हम सब यहाँ एक परिवार हैं."

मी तिळगूळ घेतला आणि खाली गेले. सुमनताईंनी भरदुपारी पडदे ओढून घेतले होते. दार जेमतेम उघडून त्यांनी विचारलं, "टीव्हीवाले गेले का गं? खाली त्यांची गाडी दिसली. मला वाटलं, परत आमच्याकडेच आले."

चॅनेलने त्यांच्या मुलाच्या अटकेची बातमी दिवसभर चालवली आणि सुटकेची एक ओळही दिली नाही. त्यांची लायकी मला ठाऊक आहे. पण त्यांनी ती बातमी एक दिवस चालवली. त्यानंतर आजपर्यंत ती कोण चालवतंय, ते सांगा.