गिटारची कंबर आणि सासऱ्यांची आंघोळ

वाद्य घडवणं ही तपश्चर्या आहे. तिला शुद्ध मन, स्थिर हात आणि एकांत लागतो. मला एकांत मिळे तो आमच्या न्हाणीघरात, आणि तोही सासरे मुक्कामाला असले की ते पंचा नेसून दाराशी येईपर्यंतच.

भोरात तेव्हा मी शाळेत शिकवत असे आणि उरलेल्या वेळात पडवीत गिटार करत असे. खरी गिटार मी एकदाच पाहिली होती, पुण्याला लष्कर भागात, एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात. दुकानदार चहाला गेला तेवढ्यात मी तिचं माप घेतलं. जवळ फूटपट्टी नव्हती, म्हणून जानव्याने घेतलं. ब्रह्मगाठ शून्य धरून खांद्याला एक गाठ मारली, कमरेला एक, बुडाला एक.

गिटारच्या कुशीला शिसवाची पातळ पट्टी तापवून वाकवावी लागते. घरात तापलेली गोल वस्तू एकच होती, आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. पोटाचा बाक बंबाच्या पोटावर, कमरेचा बाक वर निघालेल्या धुराड्यावर. बंब करणाऱ्या तांबटाला संगीताची जाण असावी, असं मला खरोखर वाटू लागलं होतं.

तरी तीन पट्ट्या मोडल्या. उत्रोलीच्या सुतारानं वेल्ह्याकडचं शिसव आणून चारच पट्ट्या रंधून दिल्या होत्या. त्या सकाळी चौथी बंबाला लावली, तेव्हा तो शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"मास्तर, ही गेली तर दिवाळीपातुर लाकूड न्हाई. वेल्ह्याची गाडीवाट चिखलात गेलीया."

"नाही जायची."

"शिसव हाय ते. त्यापरीस सासऱ्यास्नी वाकवा, लवकर वाकतील."

सासरे त्याच्या मागेच उभे होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ; हुद्दा गेला तरी आवाज त्यांनी परत केला नव्हता. पूजेआधीची ऊन पाण्याची आंघोळ आयुष्यात कधी लांबली नाही, हे ते दर मुक्कामाला एकदा सांगत.

"जावईबापू, पाणी तापलं का?"

"तापलंय. पण बंब मोकळा नाही."

त्यांनी बंबाकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या छातीकडे.

"जानव्याला या गाठी कसल्या?"

"ही खांद्याची. ही कमरेची."

"कुणाच्या कमरेची?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग बायको आतूनच म्हणाली, "लाकडाची आहे ती, बाबा. मीही विचारून घेतलंय."

एवढ्यात पट्टी कमरेपाशी करकरली. खालचं टोक माझ्या दोन्ही हातांत होतं. सुतार उठून ओल्या फडक्यानं ती धुराड्यापाशी दाबत होता. वरचं टोक सुटायला लागलं.

"अहो, धरा ते!" मी म्हणालो.

सासऱ्यांनी धरलं. लेखी अर्जाशिवाय त्यांनी केलेलं हे पहिलंच काम असावं.

"सोडू का?"

"नका. गार होऊ दे."

"पट्टी?"

"बंब."

सुतारानं पायानंच चिमटा ओढून खालचे निखारे बाहेर काढले. मग आम्ही तिघं त्या बंबाला कवटाळून उभे राहिलो, वाफेत, एकमेकांच्या नाकासमोर नाक. आधी सुताराला हसू फुटलं. मग मला. सासरे म्हणाले, "हसू नका, मोडेल," आणि त्यांचंच पोट हलायला लागलं. पोटाबरोबर पट्टी हलली. त्या धास्तीनं आम्ही गप्प झालो, आणि गप्प बसल्यामुळे आणखी हसलो. बायको दारात येऊन बघून गेली.

बारा वाजता बंब गार झाला. एकेकानं जपून हात सोडला. पट्टी तशीच राहिली, खांदा, कंबर, बूड. जानवं लावून पाहिलं. कंबर बरोबर गाठीवर होती.

सासऱ्यांनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली आणि पंचा नेसूनच ती आळीभर दाखवून आणली. "अवघड असं काही नसतं," ते प्रत्येक दारात सांगत होते, "धरणारा खंबीर पाहिजे." मग दोन तांबे गार पाणी अंगावर घेऊन ते पूजेला बसले आणि देवांनाही बहुधा हेच सांगितलं असावं. जेवताना त्यांनी जाहीर केलं की गिटार झाली.

गिटारला अशा दोन पट्ट्या लागतात.