चौथ्या मजल्यावरच्या मंजुळामावशी

मंजुळामावशी रोज सकाळी दहाच्या सुमारास कुठेतरी निघाल्यासारख्या तयार होत. धुवट लुगडं, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, हातात रुमाल. मग खुर्ची ओढून जाळीच्या दरवाजापाशी बसत. त्या दरवाजाला बाहेरून कुलूप असे.

नव्वद सालच्या आसपास आम्ही मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो. चौथा मजला. लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. समोरचं घर मावशींचं. त्या उत्तनच्या कोळीण. नवरा वारल्यावर मुलाने, नारायणने, त्यांना इकडे आणलं. वर्षभरात गुडघे गेले आणि जिना सुटला. मुलगा-सून नोकरीला. एकदा मावशींनी एका अनोळखी माणसाला पाणी प्यायला आत घेतलं आणि भिंतीवरचं घड्याळ गेलं. तेव्हापासून ते कुलूप. अडीअडचणीला म्हणून एक किल्ली माझ्याकडे दिलेली.

आमच्या गप्पा जाळीतूनच चालत. मासळीवाली वर आली की मावशी जाळीतून बोट घालून माझ्यासाठी पापलेट दाबून बघत आणि नापास करत. तब्येत विचारली तर म्हणत, "डॉक्टर म्हणतो, रोज चाला. हॉलातनं किचनात, किचनातनं हॉलात. घाण्याच्या बैलाचं तरी तेल निघतं." त्यांच्या खिडकीतून मिठागरं दिसायची. बघता बघता तिथे भराव पडला, इमारत उठली. "आता मला दुसरीच्या किचनातली भांडी दिसतात," एवढंच त्या म्हणाल्या.

एका पावसाळ्यानंतर उत्तनहून भाचा निरोप घेऊन आला. धाकटी बहीण हिरा अंथरुणाला खिळली होती, सारखं ताईचं नाव घेत होती. नारायण म्हणाला, रविवारी बघू. तो वाईट नव्हता. चार माणसं जमवून आईला खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायचं त्याच्या मनात होतं. पण तीन रविवार गेले, माणसं काही जमली नाहीत.

तिसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी मावशी दहाला तयार होऊन बसल्या, पण गप्पा मारायला नव्हे.

"पोरी, किल्ली आण."

मी घाबरले. नारायणभाऊंना काय सांगू, तुम्ही पडलात तर काय करू, सगळं बोलून झालं. त्यांनी हातातला रुमाल कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "पाय थकलं हायत माझं, डोकं न्हाय. हिरा गेल्यावर खुर्ची काय कामाची?"

मी कुलूप काढलं.

लुगडं आवळून त्या पहिल्या पायरीवर बसल्या आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकू लागल्या. मी पुढे, उलटी उतरत, त्यांचे पाय धरून. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभीने विचारलं, "बा, किधर जाते हो?" मावशी म्हणाल्या, "बहन के पास." भाभीने आत जाऊन पाणी आणलं. खाली पोहोचायला तास लागला. रिक्षात बसल्यावर त्यांनी सोललेले तळहात पदराखाली लपवले.

हिराबाईंनी ताईला ओळखलं. दोघी बोलल्या फारशा नाहीत. मावशी बहिणीच्या केसांतून फणी फिरवत राहिल्या.

संध्याकाळी भाभीकडून कळल्यावर नारायण उत्तनला आला तो लाल होऊन. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. घरी चल म्हणाला.

"खाली आले ती बसून आले," मावशी म्हणाल्या. "वर कशी चढू, ते तू सांग."

तो आईशिवायच परतला. मावशी तिथेच राहिल्या. आठवडाभरात हिराबाई गेल्या. मावशी त्यानंतर दीड वर्ष जगल्या. उत्तनला गेले की त्या ओट्यावर सुकटीची राखण करत बसलेल्या दिसत. मला म्हणत, "गुडघं तसंच दुखतात हां. इथं येऊन बरं झालं असं नको समजू."

इकडे नारायणच्या बायकोने किल्ली परत नेली आणि आमचं बोलणं तुटलं. समोरच्या दाराआड आता दिवसा कुणीच नसे, तरी दहा वाजले की मी पुढच्या खोलीत येत असे आणि परत फिरत असे.

मावशींच्या दहाव्याला नारायण आपणहून माझ्याजवळ आला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी तिला सांभाळतच होतो ना?"

"होय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते बोलायला मला फार जड गेलं.