काचबिंदू पिकत नसतो

त्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटं झाली तरी फोन वाजला नाही. गेली कित्येक वर्षं रोज बरोबर आठला माझी मोठी बहीण रंजनाताई धायरीहून फोन करायची आणि 'हॅलो'ही न म्हणता विचारायची, "टाकले?" म्हणजे डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले का. मी "टाकले" म्हणालो की, "मग डोळे मीट आणि दोन मिनिटं गप्प बस," असा हुकूम सोडून ती दोन मिनिटं ती स्वतःच बोलत राहायची. त्या दिवशी फोन आला तो तिच्या शेजारणीचा... ताई झोपेतच गेली होती. आता महिना उलटून गेलाय. भेटायला येणारे अजून हळहळतात, "बिचारीला शेवटी धड दिसतही नव्हतं हो, नशीब एकेकाचं!" मी त्यांना तिथेच थांबवतो. ताई बिचारी नव्हती, आणि वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी नशीब हा शब्द आमच्या घराबाहेर ठेवलाय. ताईचे डोळे नशिबानं गेले नाहीत. ते माझ्या एका वाक्यानं गेले, आणि ते वाक्य आज मी इथे लिहून टाकणार आहे.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. ताई ड्राफ्ट्समनचा कोर्स करून एकटी पुण्यात आली, भोसरीच्या एका कारखान्यात नकाशे काढायला लागली आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिली. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुमच्याकडे 'करून राहिलो' असं म्हणतात ना?" ताई म्हणाली, "हो. आम्ही करून राहतो, तुमच्याकडे बोलून राहतात." त्या दोघींचं पुढे छान जमलं. ताईची रेघ केसासारखी बारीक, आणि नजर अशी की दुसऱ्याच्या नकाशातली अर्ध्या मिलिमीटरची चूक लांबून दाखवायची. मग नव्वदच्या दशकात परदेशी कंपनीशी करार झाला, ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. बरोबरीच्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ताईनं चाळिशीत संध्याकाळचा क्लास लावला, निम्म्या वयाच्या पोरांच्या शेजारी बसून माउस धरायला शिकली. "बोर्ड गेला म्हणून रेघ गेली का?" एवढंच तिचं म्हणणं.

त्याच सुमारास तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. जेवताना डावीकडचं पाण्याचं भांडं हमखास सांडायचं. आम्ही सगळे तिला वेंधळी म्हणून चिडवायचो आणि तीही हसायची. डोळ्यांची शंका कुणाला येणार? चष्म्याच्या दुकानात तेव्हा नवी पाटी लागली होती, 'कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतील'. ताई दरवर्षी तिथे जायची, तक्त्यावरची शेवटची ओळ तर वाचायचीच, शिवाय तक्त्याच्या तळाशी बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवायची! नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असाच आमचा सगळ्यांचा समज होता. समोरचं लख्ख दिसत असताना कडेचं हळूहळू पुसलं जाऊ शकतं, हे आमच्या गावीही नव्हतं.

मग कारखान्याच्या कँटीनमध्ये आरोग्य शिबिर झालं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दिली, 'काचबिंदूची शंका. तज्ज्ञांकडून प्रेशर तपासून घ्यावे.' ताई ती चिठ्ठी घेऊन थेट माझ्याकडे आली, कारण मी शहाणा! मी शाळेत विज्ञान शिकवायचो, डोळ्याची आकृती दरवर्षी फळ्यावर काढायचो, रंगीत खडूंनी. मी चिठ्ठी वाचली आणि म्हणालो, "अगं, बिंदू तो बिंदू. आजीचा नाही का, दोन वर्षं थांबलो तेव्हा कुठे काढला? कच्चा कुणी काढत नाही. पिकू दे." हेच ते वाक्य. मोतीबिंदू आणि काचबिंदू, दोन्हींच्या शेपटीला बिंदू आहे एवढ्यावर या विज्ञानशिक्षकानं निकाल देऊन टाकला. ताईनं चिठ्ठी घडी करून कंपासपेटीत ठेवली. आणि दोन वर्षं आम्ही पिकण्याची वाट पाहिली.

सिंहगड रस्त्यावर डावीकडून आलेल्या रिक्षानं तिची मोपेड पाडली तेव्हा ती ओरडली होती, "आला कुठून हा मेला?" रिक्षावाला म्हणाला, "बाई, मी मघापासून हॉर्न देतोय, बघताय कुठं?" तेव्हा कुठे आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांतलं प्रेशर मोजलं, बाहुल्या मोठ्या करून आतली नस पाहिली, मग पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात डोकं ठेवायला लावून, ठिपका दिसला की बटण दाबायला सांगितलं. त्याचा कागद निघाला. ताईनं तो नकाशासारखा हातात धरला. "हा काळा भाग काय? रेघांनी भरलाय, हॅचिंग?"

"तिथलं दिसणं गेलंय, ताई."

"परत?"

"येत नाही. उरलंय ते थेंब टाकून राखायचा प्रयत्न करू."

"आणि पिकल्यावर?"

डॉक्टर म्हणाले, "अहो, पिकतो तो मोतीबिंदू. काचबिंदू पिकत नसतो. तो नुसता खात जातो, न दुखवता."

दवाखान्याच्या पायरीवर मी रडायला लागलो. "माझ्यामुळे झालं, ताई." मला वाटलं, नाही रे म्हणेल... लहान भाऊ ना मी! पण ताई संतापली की थेट वर्ध्याला पोचायची. "हो, तुह्यामुळंच झालं. पण आता काहून रडून राहिला? उद्या तू चाल तपासाले. बहिणीले असलं तं भावालेही असू शकते म्हणते डॉक्टर." दुसऱ्या दिवशी मला बखोटीला धरून नेलं. माझं प्रेशर दोन्ही डोळ्यांत चढलेलं निघालं, दिसणं मात्र शाबूत. आजही माझं दिसणं शाबूत आहे. हे अक्षर मी ताईच्या त्या दोन वर्षांवर लिहितोय, मला त्याची लाज वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

ताईनं मात्र लाजही धरली नाही आणि रडतही बसली नाही. पडद्यावरची रेघ मोठी करून करून निवृत्तीपर्यंत नोकरी केली. पुढे हातात पांढरी काठी आली. एका कार्यालयात कारकुनानं तिच्याऐवजी मला विचारलं, "यांना सही करता येते का?" ताई म्हणाली, "येते. आपल्याला वाचता येतं ना?" आणि दिसत होतं तोवरच तिनं नकाशाच्या पेनांनी, आपल्या त्या रेखीव अक्षरात एक पाटी करून धायरीच्या फ्लॅटच्या दाराला लावली होती:

'चपला बाहेर काढाव्यात. चाळिशी उलटलेल्यांनी डोळ्यांचे प्रेशर तपासून मगच बेल वाजवावी. नंबर काढणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.'

लोक हसायचे. ताई हसू द्यायची आणि मग विचारायची, "तपासलं?" तिच्या या छळाला कंटाळून कितीतरी जण तपासून आले. दाद दिली नाही ती एकट्या माझ्या मुलानं, निखिलनं. हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी, बेचाळीस वय, तोंडात एकच उत्तर. "आत्या, कंपनीत दरवर्षी चेकअप होतो गं. सिक्स बाय सिक्स!"

"प्रेशर?"

"हा रिलीज झाला की नक्की."

ताई मला म्हणायची, "हाही पिकू देतोय बघ."

तिचा फ्लॅट आवरताना निखिलनंच ती पाटी काढली. "बाबा, ही आता कशाला?" मी ती घरी आणली आणि आमच्या दाराला लावली. शनिवारी तो वाकडहून जेवायला आला, बेल वाजवली. मी दार उघडलं आणि दारातच उभा राहिलो.

"प्रेशर तपासल्याची चिठ्ठी?"

"बाबा, पुरे आता गंमत."

"पाटी वाच."

"आई, बघ ना गं हे काय करतायत!"

आमची ही आतून म्हणाली, "वाचता येतंय ना त्याला? मग वाचू दे." निखिल चपला घालून निघून गेला. त्याच्यासाठी केलेलं वांग्याचं भरीत तसंच राहिलं. मला फार वाईट वाटलं, पण हाक मारली नाही. एकदा गोड बोलून मी एका माणसाचं दिसणं घालवलंय, दुसऱ्यांदा घालवणार नव्हतो.

गुरुवारी सकाळी बरोबर आठला फोन वाजला. उचलला, तर निखिल. 'हॅलो' वगैरे काही नाही.

"बाबा, प्रेशर जास्त निघालं. दोन्ही डोळ्यांत. दिसणं पूर्ण आहे... डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आजपासून थेंब."

मी विचारलं, "टाकले?"

"टाकले."

"मग डोळे मीट आणि दोन मिनिटं गप्प बस," मी म्हणालो, आणि ती दोन मिनिटं मीच बोलत राहिलो.