मस्कतच्या रस्त्यावर केजची जीप

जीपची सीट उचलून बघा. खाली काय काय निघतं. कुणाची चप्पल, कुणाचा कंगवा, भुईमुगाची टरफलं. आपण ठेवलेलं त्यात एकही नसतं, पण जमलेलं आपल्याच गाडीत असतं. मस्कतच्या गोष्टी माझ्याकडे अशाच जमल्या.

आम्ही बीड जिल्ह्यातले तिघं तिकडे एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून गेलो होतो. बीडचे युसूफभाई, मूळचे मेकॅनिक. शिरूर कासारचा साहेबराव, कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. आणि मी, बावीस वर्षं केज-बीड जीप चालवलेला. साहेबरावाला गाडी मीच शिकवली होती, म्हणून दोघंही मला उस्ताद म्हणायचे. साहेबराव आता नाही. युसूफभाईंच्या गॅरेजवर आम्ही दोघं बसलो की हे सगळं निघतं.

*

पहिल्या दिवशी कंपनीने गाडी दाखवली. मी किल्ली घेऊन उजवं दार उघडलं आणि ऐटीत बसलो. समोर स्टेअरिंगच नाही. तिकडे ते डावीकडे असतं हे ऐकून होतो, पण हातापायांनी कुठे ऐकलं होतं?

लगेच उतरलो असतो तर दोघं हसले असते. म्हणून समोरचा कप्पा उघडला आणि गाडीचे कागद शोधत बसलो. बराच वेळ शोधले.

शेवटी युसूफभाई खिडकीत वाकून अदबीने म्हणाले, "उस्ताद, कागज मिल गये हो तो अब उधर बैठते क्या?"

*

आपलं लायसन तिथं चालत नव्हतं. नवी परीक्षा द्यायची, संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झाला की कंपनी परतीच्या विमानात बसवायची.

साहेबराव पहिल्याच फटक्यात पास. युसूफभाई दुसऱ्या. उस्ताद पहिल्यांदा नापास! चौकातल्या गोल चक्कराला मी आपल्याकडच्यासारखा डावीकडून शिरलो. समोरून सगळं मस्कत अंगावर आलं. कुणी हॉर्न वाजवला नाही. सगळे थांबून नुसते बघत राहिले.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

हॉर्नचं तिथं असंच. कुणी वाजवतच नाही. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, साहेबराव ताट पुढे घेऊन नुसता बसला होता. काय झालं विचारलं.

"महिना झाला उस्ताद, हॉर्न वाजवून. घास उतरंना."

त्याने गाडी काढली. वस्ती संपली, नुसते उघडे डोंगर आले, तिथं थांबवून हॉर्नवर तळहात दाबला तो उचलेचना. मी त्याला दोनदा दटावलं.

मग म्हणालो, सरक तिकडे. आणि मीही दाबला.

*

तिथल्या गाडीत एका ठरावीक वेगापुढे गेलं की घंटी वाजते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. युसूफभाईंनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, एकेक नट आवळला. निघाले, की पुन्हा घंटी. असं तीनदा झालं.

फोरमनने मग समजावलं, हा बिघाड नाही, वेग कमी करायची सूचना आहे. युसूफभाईंना ते मेकॅनिक म्हणून फार लागलं.

"अपनी जीप तो साठ पे ही पूरी बजती थी," ते मला म्हणाले. "अलग घंटी की जरूरतच नै पडी."

*

दुसऱ्या परीक्षेत कडेला उभ्या एका म्हाताऱ्याने हात केला. त्याला टॅक्सी हवी असावी. केजच्या जीपवाल्याने हात केलेला माणूस मागे सोडायचा म्हणजे काय? पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागचं दार मीच उघडून दिलं. म्हातारा बसला.

परीक्षेच्या साहेबाने नापास लिहिलं. म्हातारा मात्र उतरायला तयार नव्हता.

*

आता शेवटची संधी. केजच्या स्टँडवर मला हार घालून निरोप दिला होता. तिथं परत काय तोंड घेऊन जाणार?

कंपनीच्या आवारात साहेबरावाने माझा सराव घेतला. गाडी एका अंगाला ओढायची. मी म्हटलं, चाकात दोष आहे. युसूफभाईंनी चाकं तपासली. ठीक होती.

"दोष चाकात न्हाई, बसण्यात हाय," साहेबराव म्हणाला. "तुमी अजून दाराकडच्या सवारीला जागा देताय, उस्ताद."

खरं होतं. केजच्या जीपमध्ये ड्रायव्हर आणि दार यांच्यामध्येही एक सवारी बसते. बावीस वर्षं मी अंग चोरून, तिरका बसून गाडी चालवलेली. मोकळ्या सीटवर मला बसताच येत नव्हतं. शिकवलेल्या पोराने ते ओळखलं.

परीक्षेच्या दिवशी गर्दी होती. साहेबाने एकाच गाडीत मागे परीक्षेलाच आलेले तिघं बसवले, एक पठाण, एक केरळचा, एक मिसरचा म्हणजे इजिप्तचा. पुढे माझ्याशेजारी स्वतः. आडदांड माणूस. त्याचा खांदा माझ्या खांद्याला भिडला, मागून पठाणाचे गुडघे पाठीत रुतले. गाडी भरली आणि माझा जीव थाऱ्यावर आला. चौक, सिग्नल, चढ, उतार. कुठे म्हणून चुकलो नाही.

आवारात येऊन गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि तोंडातून निघून गेलं,

"चला, बीड आलं. उरका, मला केजची फेरी भरायचीय."

मराठी त्यांतल्या एकालाही येत नव्हती. मागचे तिघं उतरले. साहेबही उतरला. पासची सही त्याने बॉनेटवर कागद ठेवून केली.